कालनिर्णयाच्या मागे कोण आहे?

"काल रात्री तुमच्याकडून किंचाळी आली, ती कोणाची गं? आम्ही टीव्ही बंद केला ऐकायला."

"ह्यांची, काकू! सेकंड शिफ्ट करून बोईसरहून आले, मोरीत हातपाय धुवायला गेले, तर भिंतीवर हा एवढा कोळी. माझा तळहात भरेल. दिवसभर एमआयडीसीत ॲसिडचे ड्रम हलवणारा माणूस, नि टॉवेलवर बोंबलत बाहेर!"

"मारलात?"

"चप्पल फेकली. लागली साबणाला. तो आडवा पळाला खेकड्यासारखा, तो थेट कालनिर्णयाच्या मागे. सकाळपासून एकादशी बघायला कोणी पान उलटत नाही."

"बरं झालं चुकला. अगं, तो चपटा, मातकट, तोंडावर फिकट पट्टा असलेला ना? माझी पुतणी पालघरला दांडेकर कॉलेजात झूऑलॉजी करते, तिने टॉर्च मारून दाखवला होता. डोळे चमकतात मेल्याचे. हंट्समन म्हणतात. जाळं विणतच नाही, रात्रीचा हिंडून झुरळं धरतो."

"जाळं नाही? मग माझ्या माळ्यावरची जळमटं?"

"ती त्या लांब टांगांच्या किडकिड्याची. झाडू लावला की जाळ्यासकट थरथरतो बघ, तो. त्याचं पाप ह्याच्या माथी."

"पण सासूबाई म्हणतात, अंगावर मुततो नि फोड येतात. गेल्या पावसात माझ्या मानेला आले होते की."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ट्यूबलाइटचा किडा."

"मग! लांबट, काळा-नारिंगी असतो तो. झोपेत चिरडला गेला की त्याच्या रसाने कातडी भाजते. नि नागीण उठली तरी आपल्याकडे कोळ्याचंच नाव. केळव्याच्या आमच्या नणंदबाई गेरू लावत बसल्या आठ दिवस."

"म्हणजे चावत नाही?"

"चिमटीत धरलास तर चावेल. दुखेल, सुजेल. माणूस मरत नाही. माझ्याकडे गणपतीत मादी होती, पोटाखाली पांढरी चपटी चकती धरून फिरायची. मला वाटलं, कुठून खडू उचलला हिने? तर अंड्यांची पिशवी. दोनेकशे पिल्लं निघतात म्हणे एकीतून."

"दोनशे! काकू, मी माहेरी जाते."

"जा की. तू परत येईपर्यंत पाली नि मुंग्या निम्मी संपवतील, उरलेली एकमेकांना खातील. आपल्या चिंचणीतच आहे असं नको समजू. जहाजांतून, केळ्यांच्या घडांतून जगातल्या गरम देशांत कुठेकुठे पोचलाय तो. 1767 साली कोणा लिनीअसने त्याला शास्त्रातलं नाव दिलं. आमचे हे लगेच म्हणाले, चिमाजीअप्पांनी तारापूरचा किल्ला घेतला 1739 ला, त्यानंतर 28 वर्षांनी. ह्यांचा कुठलाही विषय किल्ल्यावर जातो."

"मग फवारणीवाल्याला नको बोलवू?"

"गेल्या वर्षी आला होता ना तुमच्याकडे. चार दिवस झुरळं गेली, पाचव्या दिवशी परत. आणि घरभर तो वास! त्यापेक्षा श्रीखंडाचा रिकामा डबा घे, त्याच्यावर उपडा घाल नि खालून लग्नपत्रिका सरकव. सावकाश हं, पाय अडकला तर तुटतो. पत्रिका जाड हवी."

"त्या बिल्डरच्या मुलीची आहे की, मखमलीची."

"तीच घे. एवढी मखमल नि जेवणात पुरी गार."

"आणि आइस्क्रीम संपलं होतं! पण काकू, डब्यात धरला तर सोडू कुठे? वाडीत सोडला तर रात्री परत मोरीत."

"इकडे दे कुंपणावरून. आमच्या ओट्याखाली झुरळं फार झालीत."

"तुमच्याकडे झुरळं? भिशीत तर सांगत होतात, एक दिसत नाही म्हणून!"