प्रकाशदानाचे पुण्य

अमेरिकेतील एखाद्या पेन्शनर गृहस्थाने न्हाणीघर, मुदपाकखाना व शय्यागृह यांसह हमरस्त्यावरून धावणारे जुने मोटरहोम खरेदी करावे, छपरावर सौरपट्ट्या आणि आत मायक्रोवेव्हचा यथास्थित बंदोबस्त करावा, आणि पुढचे दिवे देवघरातल्या निरांजनाइतकेच उजळतात हे त्याच्या ध्यानी सर्वांत शेवटी यावे, हा प्राधान्यक्रम सर्वथैव स्तुत्य होय. उन्हाने पिवळी पडलेली प्लास्टिकची काच घासून काढावी, बॅटरीपासून दिव्यापर्यंतच्या बारीक तारांत वाटेतच गळणारा व्होल्टेज जाड तारा व रिले बसवून वाचवावा, असली कारकुनी सामान्यांस शोभते. थोर पुरुष हॅलोजनसाठी घडविलेल्या त्याच पिवळ्या कोंदणात शुभ्र एलईडी बल्ब खोचून मोकळा होतो. तेथील संघराज्याचे १०८ क्रमांकाचे वाहन-सुरक्षा मानक यास मुभा देत नाही म्हणे. परंतु ज्या देशात १९४० पासून १९८३ पर्यंत सीलबंद दिव्यांवाचून दुसरे काही चालत नसे, तेथील कायद्याकडून औदार्याची अपेक्षा कोणी करावी? आता त्या कोंदणातून प्रकाश रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत पडतो, हे खरे. पण यात परोपकारच आहे. समोरच्यानेही सूड म्हणून तेच बल्ब बसविले की प्रत्येकाचा मार्ग दुसऱ्याच्या खर्चाने उजळेल, आणि स्वतःचे दिवे काढून ठेवण्यास काहीच हरकत उरणार नाही. समोरून कोणी येतच नसेल, तर गाडी आहे तेथेच उभी करून निजावे. शय्यागृह त्याचसाठी आहे.