घरातली कर्मठ मंडळी

दोन लहान मुलं असलेल्या घराला आपल्याकडे ‘गोकुळ’ म्हणतात. म्हणणारी माणसं बहुतेक पोहे खाऊन, चहा पिऊन तासाभरात आपापल्या घरी परतणारी असतात. त्यांच्या डोळ्यांपुढे लोणी, बासरी आणि रांगणारा बाळकृष्ण असतो. त्याच गोकुळात यशोदेवर मुलाला उखळाला बांधायची वेळ आली होती, हे मात्र कुणाच्या लक्षात राहत नाही. दावंही पुरेना, दर वेळी दोन बोटं कमी पडे, असं भागवतात आहे. त्या दोन बोटांबद्दल मला फार आपुलकी वाटते. झोप, धुतलेली झबली, धीर, फ्रीजमधलं दूध, सगळं आमच्याकडेही नेमकं दोन बोटं कमी पडतं.

आमच्याकडे म्हणजे ठाण्यात, चौथ्या मजल्यावर. थोरली साडेतीन वर्षांची, धाकटा सव्वा वर्षाचा. शिवाय नवरा, सासूबाई आणि मी. मोठी माणसं तीन, लहान दोन. बहुमत आमचं आहे. ते कागदावरच आहे.

लोकांना वाटतं की अशा घरात नुसता गोंधळ असतो, काही धरबंध नसतो. माझं मत बरोबर उलटं झालं आहे. लहान मुलांइतकं कर्मठ जगात कुणी नाही. माझ्या आजोळी सोवळ्यात स्वयंपाक करणारी एक म्हातारी आजी होती. पण तिच्या सोवळ्यालाही पळवाटा होत्या. धूतवस्त्र वाळलं नसेल तर रेशमी चाले, तेही नसेल तर धाबळी चाले. थोरलीच्या सोवळ्याला पळवाट नाही. दूध निळ्या पेल्यातच. पोळीला तूप-साखर लावून तिची सुरळी करायची, ती अखंड हातात द्यायची. घाईत मधून मोडून दोन तुकडे केले की ती पोळी बाद. ‘अगं, पोटात जाऊन मोडणारच आहे ना?’ असं म्हणून बघितलं. वादात ती हरली, पण पोळी खाल्ली नाही. मोडलेली सुरळी पुन्हा जुळत नाही, आणि नवी पोळी तव्यावर टाकेपर्यंत जे रडणं चालतं ते तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचतं, असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनीच हसत सांगितलं. त्या हसत होत्या हे त्यांचे उपकार.

लिफ्टचा विधी वेगळा. बाहेरचं बटण थोरली दाबणार, आतलंही तीच दाबणार. दुसऱ्या कुणी आधीच दाबलं असेल तर ती फेरी अग्राह्य. लिफ्ट चौथ्या मजल्यावर येते, आम्ही बाहेर पडत नाही, परत तळमजल्यावर जातो, दार उघडतं, बंद होतं, मग यजमानीणबाई टाचा उंचावून ‘४’ दाबतात. सातव्या मजल्यावरचे एक निवृत्त आजोबा आता तिला बघितलं की दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहतात. चुकूनसुद्धा बोट लागायला नको. बँकेत आयुष्य काढलेला माणूस. पद्धत म्हणजे पद्धत, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

सगळ्यात कडक नियम मात्र रात्रीच्या गोष्टीला. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, हे महाराष्ट्रातल्या घराघरांत पाठ आहे. पाऊस येतो, काऊचं घर वाहून जातं, काऊ दार ठोठावतो आणि चिऊ त्याला बाहेर ताटकळत ठेवते. आधी बाळाला अंघोळ, मग अंग पुसणं, मग पावडर, मग तीट, मग अंगडं-टोपडं, मग झोपवणं. यातली एक पायरी गाळून बघा. ‘तीट राहिली!’ असं अंधारातून ऐकू येतं. आपल्याला वाटलेलं असतं की ती झोपली. माझ्या नवऱ्याला मध्यंतरी समाजसुधारणेची लहर आली. भिजणाऱ्या पाहुण्याला असं बाहेर ठेवणं बरं नाही, मुलांवर काय संस्कार होतील, म्हणून त्याच्या चिऊनं पहिल्या टकटकीलाच दार उघडून काऊला टॉवेल दिला, वर चहा. थोरली ताडकन उठून बसली. ‘अशी गोष्ट नाहीये!’ नंतर तासभर कुणीच झोपलं नाही, आणि काऊला पुन्हा पावसात उभं करावं लागलं.

या हट्टाकडे बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींनी फार आदरानं बघितलं आहे. पहिल्या-दुसऱ्या वर्षात मुलांना क्रमाची, जागच्या जागी असण्याची विलक्षण ओढ असते, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी एका सहा महिन्यांच्या मुलीचा किस्सा लिहून ठेवला आहे. खोलीत आलेल्या बाईंनी आपली छत्री टेबलावर ठेवली आणि मुलगी रडू लागली. खेळायला छत्री हवी असेल म्हणून ती जवळ नेली, तर तिनं ढकलून दिली. शेवटी आईला उमगलं, तिनं छत्री उचलून खोलीबाहेर ठेवली आणि रडणं थांबलं. टेबलावर छत्री हा अधर्म होता. या मॉन्टेसरीबाई १९३९ साली मद्रासला शिकवायला आल्या, महायुद्ध पेटलं, आणि इटालियन असल्यामुळे १९४६ पर्यंत भारतातच अडकल्या. इतकी वर्षं आपल्याकडे राहून त्यांना लिफ्टचं बटण दाबू न दिलेलं मूल बघायला मिळालं नसेल, एवढीच हळहळ वाटते.

आता धाकट्याकडे येते. तो वेगळ्या पंथाचा. त्याचं एकच व्रत आहे: हातात येईल ते खाली टाकणं. चमचा टाकतो, वाकून बघतो, आपण उचलून देतो, पुन्हा टाकतो. आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग डोक्यामागून. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा खोडकरपणा अजिबात नसतो, असते ती पूजेला बसलेल्या माणसाची एकाग्रता. स्वयंपाकघरातला खालचा ड्रॉवर आम्ही त्याला सोडून दिला आहे. त्यात मोदकपात्र, वाट्या आणि दोन पळ्या असतात, आणि रोज सकाळी त्यांचं विसर्जन होतं. खिडकीच्या ग्रिलमधून मोजे जातात, झबली जातात, एकदा सासूबाईंचा चष्म्याचा रिकामा डबा गेला. खाली वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये आमच्या नावाचा एक खोका आहे. संध्याकाळी येताना दुधाच्या पिशवीबरोबर तो रिकामा करून आणायचा.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं आपल्याच तीन मुलांवर बारीक नजर ठेवून ग्रंथ लिहिले. त्याचा मुलगा लोराँ दहा महिन्यांचा असताना पडल्या पडल्या हात लांब करून सेल्युलॉइडचा हंस, डबी असं एकेक सोडून देई आणि दर वेळी हाताची जागा बदलून बघे. पियाजेच्या लेखी तो प्रयोग होता, पोरगं आपल्या परीनं पदार्थविज्ञान शिकत होतं. नवऱ्यानं हे मला मोठ्या कौतुकानं वाचून दाखवलं. हंस उचलून द्यायला कोण वाकत होतं, एवढंच मी विचारलं. तो पुस्तक मिटून चमचा उचलायला गेला.

खरी गंमत हे दोन पंथ एका खोलीत आल्यावर सुरू होते. थोरलीनं भातुकली मांडलेली असते. बाहुल्या भिंतीशी ओळीनं, उंचीप्रमाणे. प्रत्येकीपुढे ताटली, ताटलीत दोन चुरमुरे. ही मांडणी अर्धा तास चालते, खेळ सुरूच होत नाही, कारण मांडणी हाच खेळ असतो. आणि तिकडून धाकटा येतो. त्याला सगळी पृथ्वी खाली टाकण्यासाठीच मांडून ठेवलेली दिसते. मग किंकाळी, मग भोकाड, मग ‘आई, ह्याला दवाखान्यात परत देऊन ये!’ आम्ही आधी समजावलं, मग वेळा वाटून दिल्या, मग सोफा आडवा लावून सरहद्द आखली. काही उपयोग झाला नाही. वाट शेवटी थोरलीनंच काढली. एका दुपारी तिनं जाहीर केलं, ‘बाळ राक्षस आहे. आता राक्षस येणार.’ राक्षस आला, त्यानं पंगत उधळली, बाहुल्या ओरडत पळाल्या, आणि दोघंही हसून हसून लोळली. लगेच तिनं सगळं पुन्हा मांडलं आणि राक्षसाला दाराबाहेर नेऊन उभं केलं. ‘मी बोलावल्यावर यायचं हं.’ तो थांबला! जो मुलगा आमच्या कुणाच्या सांगण्यानं क्षणभर एका जागी ठरत नाही, तो दाराआड उभा राहून बोलावण्याची वाट बघत होता. या कामात माझी, नवऱ्याची, सासूबाईंची कसलीच मदत नव्हती. मला त्या दुपारी जो आनंद झाला त्याला तोड नाही, आणि त्यातला बराचसा आनंद मला गरम चहा मिळाल्याचा होता.

सासूबाई या सगळ्यात सर्वांत शांत आहेत. रोज तिन्हीसांजेला त्या धाकट्याची मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढायच्या. थोरलीनं बघितलं, आणि तिचीही काढावी लागली. ते रास्तच होतं. मग बाहुलीची. मग बाबांची, ऑफिसातून आल्याबरोबर, पायातले बूट न काढता. मग एके दिवशी फरशी पुसायच्या मॉपची, कारण तोही बिचारा कोपऱ्यात एकटा उभा असतो. आता क्रम ठरलेला आहे, आणि मॉपच्या आधी माझा नंबर लागतो याचं मला समाधान आहे. ‘एवढ्या दृष्टी निघाल्यात, आता या घराला पन्नास वर्षं काही होत नाही,’ असं म्हणून सासूबाई मोहऱ्यांचा डबा फडताळात ठेवतात.

झोपेबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्याबद्दल लिहितानाही झोप येते. एकाला झोपवताना दुसऱ्याला जागं करायचं नसतं, आणि दोघं एकदम झोपली की कुकरची शिट्टी होते. दारावर कागद लावला: ‘बाळ झोपलं आहे, बेल वाजवू नये.’ कुरियरवाल्यानं तो नीट वाचला, आणि मग काय करावं हे विचारण्यासाठी बेल वाजवली.

दोन मुलं म्हणजे काय, याचा अंदाज सरकारलाही असावा. कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांची झाली, पण ती पहिल्या दोन मुलांपुरती. तिसऱ्यापासून पुन्हा १२. खरं तर आठवडे चढत जायला हवेत, असं दोन मुलांच्या कुठल्याही आईला विचारलं तरी कळलं असतं. बापाचा तर खासगी नोकऱ्यांसाठीच्या कायद्यात विचारच नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना १५ दिवस मिळतात. पंधरा दिवसांत बाप फार तर दुपटं बांधायला शिकतो.

दोन मुलांच्या बाबतीत मला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ फार शहाण्या वाटतात. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी काम केलं. तिथली थोरली मुलगी शाळेत येत नसे, कारण तिच्या कडेवर धाकटं असे. ‘धाकट्याला घरी ठेवून ये’ असं सांगून काय होणार? घरी कोण होतं? तेव्हा त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली, तीच ‘विकासवाडी’. दोन मुलं म्हणजे दोन वेगळे प्रश्न नसतात, एकाच्या कडेवर दुसरा बसलेला असतो, हे या दोघींनी ओळखलं होतं. मला ते पटलं धाकट्याच्या गोवर-रुबेलाच्या लशीच्या दिवशी. थोरलीला घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून तीही आली. सुई धाकट्याला टोचली, आधी रडली थोरली. ती रडते म्हणून धाकटा रडायचं विसरला आणि तिच्याकडे बघत बसला. मग तिनं डोळे पुसले, सिस्टरना ‘पुढच्या वेळी हळू टोचा’ अशी ताकीद दिली, आणि बाहेर आल्यावर लिफ्टचं बटण त्याच्या बोटानं दाबू दिलं. स्वतःच्या हातात त्याचं बोट धरून, पण त्याच्या बोटानं. तिच्या धर्मात ही केवढी मोठी सवलत आहे, हे सातव्या मजल्यावरच्या आजोबांना सांगितलं तेव्हा तेही क्षणभर गप्प झाले.

घरी पोचल्यावर अर्थात निळ्या पेल्यावरून जुंपलीच, कारण आता धाकट्यालाही तोच हवा असतो. दुकानात तसला दुसरा पेला मिळत नाही. पिवळे आहेत, गुलाबी आहेत, निळा संपला.

तेव्हा आमच्याकडे यायचा बेत असेल तर आधी फोन करा, बेल वाजवू नका. दुपारी दोन ते चार येऊ नका. पोरांसाठी रिकाम्या हातानं आलात तरी चालेल, पण काही आणायचंच असेल तर दोन आणा, आणि दोन्ही एकाच रंगाची आणा. पिपाणी मात्र एकही आणू नका.