बिनखात्याचे वाहतूकमंत्री

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक वाहतूकमंत्री राहतात. त्यांना कुणी निवडून दिलेलं नाही. कुणी पाडूही शकलेलं नाही. चाळीस वर्षं डोंबिवली ते मशीद बंदर आणि मशीद बंदर ते डोंबिवली एवढाच प्रवास केलेल्या माणसाला हिंदुस्थानातला प्रत्येक फाटा कसा काय ठाऊक, याचं इमारतीला कौतुक आहे. काकूंना नाही.

कुठूनही फिरून आलेल्या माणसाला आपण विचारतो, "कसं होतं?" काका विचारतात, "कसे गेलात?" वरच्या मजल्यावरचं नवीन जोडपं मनालीहून आलं. बर्फाचे फोटो दाखवायला म्हणून बिचाऱ्यांनी मोबाईल पुढे केला, तर काका म्हणाले, "दिल्लीवरून गेलात, की चंदीगडवरून?"

"दिल्लीवरून."

"चुकलात."

बर्फ तिथंच वितळला. चंदीगडवरून म्हणाले असते तरी चुकलेच असते, हे त्यांना अजून माहीत नाही. काकांच्या मते प्रवासाचे दोनच रस्ते असतात : तुम्ही गेलात तो, आणि बरोबर असलेला.

मागच्या डिसेंबरात इमारतीतल्या चौदा जणांनी माथेरानला जायचं ठरवलं आणि मंत्रिमहोदयांना आयुष्याचं सार्थक झाल्यासारखं वाटलं. महाबळेश्वर काय, गाडीत बसा आणि उतरा. त्यात बुद्धी कुठे लागते? माथेरान म्हणजे डोंगरावरचं असं गाव, जिथं मोटारीला मज्जाव आहे. दस्तुरी नाक्याला तुमची लाखांची गाडी दोन दिवस निमूट उभी राहते आणि पुढचे अडीच किलोमीटर तुम्ही, तुमची बॅग आणि तांबडी धूळ. लोकल, टॅक्सी, छोटी गाडी, घोडा, ई-रिक्षा, हमाल, पाय. एका प्रवासात सात वाहनं! काकांनी ती बोटांवर मोजली आणि दुसरा हात काढावा लागला म्हणून त्यांना भरून आलं.

गच्चीवर बैठक झाली. कुणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर नकाशा आला. तळमजल्यावरचा मुलगा म्हणाला, "काका, सरळ गाड्या काढू या की." काकांनी त्याच्याकडे, मंगळसूत्र विसरून आलेल्या नवरदेवाकडे गुरुजी बघतात तसं पाहिलं.

मग इतिहास सुरू झाला. १८५०मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढला आणि साहेबलोकांना माथेरानचा शोध लागला. आता यावर इतिहासकार काय बोलायचं ते बोलोत, काकांची तक्रार वेगळीच. "चौक गावच्या बाजूनं चढला तो! नेरळकडून यायचं सोडून!" मग स्वतःच त्याला माफ केलं. "पण त्याचा तरी काय दोष? आपली रेल्वेच मुळी १८५३ची. आणि सांगायला होतं कोण?" मी तिथं असतो तर, हे वाक्य त्यांनी गिळलं, पण ते घशातून उतरताना आम्हाला दिसलं.

पीरभॉय पितापुत्रांबद्दल मात्र त्यांना अपार आदर. वडील आदमजींनी पैसा घातला, मुलगा अब्दुल हुसेन यांनी रूळ टाकले आणि १९०७ साली नेरळहून माथेरानला गाडी चढली. सोळा लाखांत. रुळांमधलं अंतर दोन फूट. "सरळ चढ घेता येत नाही म्हणून गाडी डोंगराला वेढे घालत जाते. वीस-एकवीस किलोमीटर! दोन तासांच्या वर लागतात!" हे ते ज्या अभिमानानं सांगत होते, त्यावरून ही गाडी लवकर पोचत नाही हाच तिचा मोठा गुण असावा. लोकलला दोन मिनिटं उशीर झाला तर घड्याळ कानाला लावणारा माणूस हा! पण प्रेमात पडलेल्या माणसाला हिशेब विचारू नये. वॉटर पाइप स्टेशनचं नाव घेताना तर त्यांचा आवाज हळवा होतो. पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते आणि वर अमन लॉज ते माथेरान एवढीच चालते, त्या चार महिन्यांत काकाही जरा उदास असतात, असं काकू म्हणतात.

बेत असा ठरला. पहिला बेत : नेरळहून छोटी गाडी. ती न मिळाली तर दुसरा : टॅक्सीनं दस्तुरी, तिथून चालत अमन लॉज स्टेशन, मग शटल. तिसऱ्या बेतात घोडे होते. चौथा बेत त्यांनी एकदम हळू आवाजात सांगितला. पनवेलकडून धोदाणी गाठायची आणि सनसेट पॉइंटच्या बाजूनं डोंगर पायी चढून यायचं. "फक्त माहिती म्हणून," असं म्हणून त्यांनी आपल्याच गुडघ्यांकडे पाहिलं. चौदा जणांत एक आजीही होत्या, त्यांच्यासाठी वेगळा परिच्छेद होता. पूर्वी हातरिक्षा होत्या, माणसंच पुढून ओढायची आणि मागून ढकलायची. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. "बरंच झालं," काका म्हणाले, आणि आजींच्या नावापुढे 'ई-रिक्षा, काठी, मी स्वतः' असं लिहिलं.

ग्रुपवर हुकूम आला : पहाटे पाच सत्तेचाळीसला इंडिकेटरखाली जमणे. पावणेसहा का नाही, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. नेरळच्या पुलासमोर येणारा डबाही ठरलेला होता. सामान प्रत्येकी एक, 'मूठ असलेलं'.

पाच सत्तेचाळीसला तेरा जण हजर होते. चौदावी व्यक्ती म्हणजे जोशीवहिनी, त्या पुलावर एका पायावर उभ्या होत्या. नव्या चपलेचा अंगठा तुटला होता. चार बेतांपैकी एकाही बेतात चप्पल नव्हती. मागे कर्जत लोकल सुटली, आणि काकांच्या चेहऱ्यावरून बदलापूर, वांगणी, शेलू अशी एकेक स्टेशनं आमच्याशिवाय निघून जाताना आम्ही पाहिली.

पुढच्या लोकलनं नेरळला पोचलो तेव्हा छोट्या गाडीच्या खिडकीपुढे भलीमोठी रांग. मोजके डबे, मोजक्या जागा. काकांनी लांबूनच त्या चिमुकल्या इंजिनाकडे बघून घेतलं. कुणाच्या तरी लग्नात जुनं माणूस दिसावं आणि बोलता येऊ नये, तसं. मग खिशातून लग्नपत्रिका काढून पहिल्या बेतावर काट मारली.

टॅक्सीचं गणित साधं होतं. एका टॅक्सीत पाच बसतात आणि आम्ही चौदा. पण हे गणित काकांनी मांडेपर्यंत पहिल्या टॅक्सीवाल्यानं तिघांना कोंबलं, एका अनोळखी कुटुंबाला वर घेतलं आणि तो निघूनही गेला. त्या तिघांत आजी होत्या.

"आजींना कोणी बसवलं?"

"त्या आपणहून बसल्या."

घाटभर काका पुढच्या सीटवर बसून मागच्या वळणांवर नजर ठेवून होते. आजी पुढे गेल्या होत्या, तरीही. सवय.

दस्तुरीला उतरलो आणि मंत्रिमंडळ कोसळलं. घोडेवाले धावत आले, मुलं दोन घोड्यांवर चढली, वर बसल्यावर रडली आणि तरी उतरेनात. हमालांनी बॅगा डोक्यावर घेतल्या आणि बॅगांच्या मागे त्यांचे मालक निघाले. नवीन जोडपं हातात हात घालून झाडीत दिसेनासं झालं. जोशीवहिनी घरून बदलून आणलेल्या जुन्या चपलांत रुळांच्या कडेनं चालू लागल्या, कारण कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की माथेरानच्या बाजारात चपला झकास मिळतात. कुणालाही रस्ता विचारावा लागला नाही. सगळे रस्ते बाजारातच जात होते. काका हातात लग्नपत्रिका घेऊन मधोमध उभे. ज्या गावात वाहनच नाही, तिथं वाहतूकमंत्री बिनखात्याचा.

आजी कुठं होत्या? बाजारापाशी एका ओट्यावर बसून चणे खात होत्या. ई-रिक्षानं पोचल्या होत्या, सगळ्यांच्या आधी.

"अहो आजी, पण ठरलं होतं की..." काका.

"जागा होती. बसले."

यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. आयुष्यात काही वाक्यं अशी येतात की त्यांच्यापुढे वेळापत्रक चालत नाही.

मला वाटलं, आता तरी माणूस शांतपणे माथेरान बघेल. हॉर्न नाही, धूर नाही, झाडांतून फक्त माकडं इकडून तिकडे. पण पॅनोरमा पॉइंटला आम्ही दरी बघत होतो आणि काका खालच्या रस्त्यावरून एक टॅक्सी वर येताना दिसते का ते बघत होते. दिसली तेव्हा त्यांना बरं वाटलं. रात्री झोप लागली नाही म्हणाले. "आवाजच नाही हो कसला. गाडी जाईपर्यंत माणसानं झोपायचं तरी कसं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गायब झाले. काकू म्हणाल्या, "स्टेशनवर बघा." स्टेशनवर ते होतेच, आणि शेजारी त्यांच्याच वयाचे, त्यांच्याच सारखी पाठकोरी पत्रिका हातात घेतलेले एक गृहस्थ. पुण्याचे.

"कर्जतला उतरून दोन स्टेशनं मागे आलात? तुम्ही कल्याणपर्यंत यायला हवं होतं," काका म्हणत होते.

"कर्जतला लोकल रिकामी मिळते," पुणेकर म्हणाले. "आणि मागे आलो नाही आम्ही. तुम्ही पुढे गेलात."

काकांना उत्तर सुचलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! त्यांच्या डोळ्यांत मी जो आनंद पाहिला तो काकूंनीही कधी पाहिला नसावा. लगेच दोघं बाकावर बसले आणि दोन्ही कुटुंबांना त्या संध्याकाळी सनसेट पॉइंटला कुठल्या वाटेनं न्यायचं, याचा आराखडा सुरू झाला. बाजारातून की तलावाकडून? घोडे की पायी? जाताना एक वाट आणि येताना दुसरी, यावर एकमत झालं. कुठली जाताना, यावर झालं नाही.

पलीकडच्या बाकावर काकू बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी पुण्याच्या काकू.

"किती वर्षं?" पुण्याच्या काकूंनी हळूच विचारलं.

"एकतीस. तुमची?"

"अठ्ठावीस."

दोघी उठल्या, पदर खोचला आणि समोरून जाणाऱ्या पहिल्या घोडेवाल्याला वाट विचारून चालायला लागल्या.

"काकांना सांगू का?" मी विचारलं.

"नको," काकू मागे न बघता म्हणाल्या. "आम्हाला शोधायचे चार बेत करत बसतील."