कितला अ‍ॅव्हरेज देस भो?

एरंडोलात नवी गाडी दारात उभी राहिली की तिची किंमत कोणी विचारत नाही. ती आदल्या दिवशीच धरणगाव चौफुलीवर जाहीर झालेली असते. इंजिन किती सीसीचं, एअरबॅगा किती, याच्याशीही कोणाला देणंघेणं नसतं. पेढ्याचा तुकडा तोंडात जातो न जातो तोच प्रश्न बाहेर पडतो : "कितला अ‍ॅव्हरेज देस भो?" गाडी आतापर्यंत शोरूम ते घर एवढीच धावलेली. टाकीत शोरूमवाल्यांनी घातलेलं तीर्थापुरतं पेट्रोल. तरीही मालकाकडे उत्तर तयार असतं, आणि ते बावीसच्या खाली कधीच नसतं.

गेल्या वर्षी हा प्रश्न तालुक्यात जरा जास्तच घुमला. 22 सप्टेंबर 2025 रोजी, नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्के अधिक उपकर यावरून सरळ 18 टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतली, पेट्रोल असेल तर 1200 सीसीपर्यंतची आणि डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंतची गाडी स्वस्त झाली. ज्यांच्या दारातली जुनी एमएच-19 पंधराव्या वर्षाला टेकली होती, त्यांना तर हा दैवी संकेतच वाटला. नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर, आरटीओची चक्कर आणि वर गॅरेजवाल्याचा "आता काही राम नाही भाऊ हिच्यात" हा अभिप्राय. घरात बैठक बसली.

या बैठकीत जुन्या गाडीचा अ‍ॅव्हरेज कसा कोसळतो, हे पाहण्यासारखं असतं. काल-परवापर्यंत सतरा देणारी गाडी सकाळच्या चहाला बारावर येते, कारण घरातल्या वडीलधाऱ्या आप्पांना पटवायचं असतं. आप्पा अडून बसले तर दुपारपर्यंत ती दहावर उतरते. संध्याकाळी दलाल गिऱ्हाईक घेऊन येतो आणि तीच गाडी, त्याच अंगणात, बोनेट न उघडता अठरा द्यायला लागते. "हायवेला वीस बी जास," असं आप्पाच सांगतात. सकाळी विरोध करणारेही तेच होते.

आता कंपनीच्या आकड्याकडे वळू. त्याचा रुबाब वेगळा. 2024 साली आलेल्या नव्या स्विफ्टचा आकडा होता लिटरला 24.80 किलोमीटर. अर्टिगा सीएनजीचा किलोला 26.11. दशांश चिन्हाच्या पुढचे ते दोन आकडे पाहूनच माणूस नमतो. कोणीतरी भिंग लावून मोजलेलं असणार! मोजलेलं असतं हे खरंच. खोटं त्यात काही नाही. गाडी एका बंद खोलीत फिरत्या रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, गाडी जागची हलत नाही. 1180 सेकंद, म्हणजे वीस मिनिटांना वीस सेकंद कमी एवढा वेळ, ठरलेल्या तालात ती चालवतात. अंतर भरतं सुमारे साडेदहा किलोमीटर आणि वेग ताशी नव्वदच्या वर जात नाही. एसी बंद. चढ नाही, वारा नाही, म्हैस आडवी येत नाही. वजन जेमतेम दोन माणसांचं धरलेलं. खोलीचं तापमानही वीस ते तीस अंशांत राखलेलं. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला भिडतो, तेव्हा अशा खोलीत गाडीऐवजी आप्पांनाच नेऊन बसवावं.

तिथून बाहेर पडून गाडी एरंडोलला येते आणि पहिल्याच दिवशी पद्मालयाला पूजेला निघते. पाच जणांच्या गाडीत मोठी माणसं सहा, मांडीवर दोन नातवंडं, डिकीत नारळांची पिशवी, जेवणाचे डबे आणि "जाताच आहात तर" म्हणून शेजारच्या काकूंनी दिलेलं मामांकडचं गाठोडं. एसी चारवर. काच मात्र थोडी उघडी, कारण आजींना कोंडल्यासारखं होतं. पुढे डोंगराची वाट. या प्रवासात कंपनीचे चोवीस कुठे गळतात ते शोधायला शास्त्रज्ञ लागत नाही.

महामार्गाची कथा न्यारी. फागणे ते तरसोद हा धुळे-जळगावच्या मधला टप्पा. चौपदरीकरणाच्या नावाने त्याने पारोळा-एरंडोल-पाळधीकरांची वर्षानुवर्षं परीक्षा पाहिली. खड्डे, वळणरस्ते आणि धूळ होती तोवर गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रांगायची आणि अ‍ॅव्हरेज पडायचा, दोष रस्त्याचा. मोकळा, गुळगुळीत पट्टा मिळाला की चिरंजीव काटा एकशेवीसला नेतात आणि अ‍ॅव्हरेज पुन्हा पडतो, कारण वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. आता दोष कंपनीचा. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटनेचा ताशी 45 ते 55 चा सल्ला पंपावर कुठेतरी रंगवलेला असतो. तो पाळणाऱ्याला मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून काय म्हणतात, ते वर्तमानपत्रात छापता येत नाही.

त्यात आता पेट्रोलही पूर्वीचं राहिलेलं नाही. लिटरमागे वीस टक्के इथेनॉल आलं. इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. त्यामुळे जुन्या धाटणीच्या चारचाकीचा अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटेल, असं नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच लिहिलं होतं. ई-20 साठी जुळवलेल्या गाड्यांत ही घट एक-दोन टक्के. अहवाल कोणी वाचला नाही, घट मात्र सगळ्यांनी वाचली. खानदेशात याची गंमत निराळी. आता मक्यापासूनही इथेनॉल होतं, म्हणून मक्याला भाव हवा असं चौकात तावातावाने सांगणारे आप्पा त्याच वाटेवर पंपावर थांबतात आणि "पेट्रोलमध्ये काय मिसळता रे?" म्हणून पोराला झापतात.

पंपावरचा विधी सांगायलाच हवा. अ‍ॅव्हरेज काढायची शास्त्रशुद्ध पद्धत सोपी आहे : टाकी फुल, ट्रिप मीटर शून्यावर, पुढच्या वेळी त्याच पंपावर, नोझल आपोआप कट होईपर्यंत पुन्हा फुल, मग भागाकार. आप्पांची पद्धत अशी : नोझल कट झालं की दोन्ही हातांनी गाडी हलवायची, "बसतं अजून," म्हणायचं, पुन्हा हलवायची, आणि मागे रांगेत उभ्या रिक्षांच्या शिव्या झेलत पाऊण लिटर जास्त कोंबायचं. पुढच्या वेळी गाडी न हलवता भरायचं. आला अ‍ॅव्हरेज पंचवीस! हा आकडा मग कायमचा. पुढच्या महिन्यात सतरा आला तर ती पंपवाल्याची मापात मारामारी.

सीएनजीवाल्यांचा पंथ स्वतंत्र आहे. पेट्रोलपेक्षा नव्वद-पंच्याण्णव हजार जास्त मोजून ते स्वस्ताई विकत घेतात. डिकीत साठ लिटरची टाकी बसते आणि गावाहून ज्वारीचं पोतं आणायचं कुठे, हा प्रश्न दिवाळीत पडतो. टाटांनी 2023 पासून दोन छोट्या टाक्या खाली दाबून डिकी मोकळी केली, तेव्हा पोत्याचा प्रश्न सुटला. रांगेचा सुटला नाही. रांगेत गेलेला पाऊण तास कोणत्याही अ‍ॅव्हरेजमध्ये धरत नाहीत.

आता थोडं गणित, आप्पांना आवडणार नाही असं. घरची गाडी वर्षाला आठ हजार किलोमीटर फिरते असं धरा. जळगावला अधूनमधून, धुळ्याला लग्नाला, एकदा शिर्डी. पेट्रोल 105 रुपये धरा. चोवीस पूर्णांक ऐंशीऐवजी अठराच मिळाले तर वर्षाला सुमारे 122 लिटर जास्त लागतात, म्हणजे 12,800 रुपये. सहा लाखांच्या कर्जाचा सात वर्षांसाठी नऊ टक्क्यांनी हप्ता बसतो साडेनऊ हजारांच्या वर. जो फरक काढायला घर महिनाभर वाद घालतं, तो सव्वा-दीड हप्त्याएवढा. सनरूफसाठी लाखभर जास्त मोजताना कोणीही वही काढलेली नसते. खानदेशच्या उन्हात सनरूफ उघडणार कधी, हेही विचारलं जात नाही.

घरात खरा हिशेब फक्त आजींना कळलेला असतो. 2022 च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे आणि 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. आजी लालपरीने जळगावला जाऊन, डॉक्टरांना दाखवून, भरताची वांगी घेऊन परत येतात. तोवर चिरंजीव पार्किंग शोधत असतात.

अ‍ॅव्हरेजच्या आकड्यावरून फसवणुकीची तक्रार करणारा ग्राहक हरतोच असं नाही. केरळातल्या त्रिशूरच्या एका ग्राहक महिलेने 2014 साली फोर्डची गाडी घेतली होती. जाहिरातीत लिटरला 32 किलोमीटर होते, तज्ज्ञाच्या चाचणीत भरले 19.6. जिल्हा ग्राहक आयोगाने 2022 मध्ये कंपनी आणि विक्रेत्याला तीन लाख दहा हजार रुपये द्यायला लावले. अमेरिकेने तर 2008 च्या मॉडेलपासून एसी, थंडी आणि भरधाव वेग चाचणीत घेतले आणि लेबलवरचे आकडे आपसूक खाली आले.

तेव्हा या दसऱ्याला गाडी घेणाऱ्यांना एवढीच विनंती : जाहिरातीचं कात्रण जपून ठेवा, पंपाच्या पावत्या तारखेसह फाइलला लावा, आणि टाकी फुल करताना गाडी हलवू नका. आयोगासमोर चौफुलीवरचा बावीस चालत नाही.