फलक बोलतो, पण फक्त मोबाईलशी

सरकारी फलकावर क्यूआर कोड चिकटवला की साहेबांच्या लेखी माहिती देऊन झाली. कामाची किंमत, कंत्राटदाराचं नाव, काम संपवायची तारीख आणि खड्डे कुणी, कधीपर्यंत बुजवायचे ती मुदत, एवढ्या चार ओळी रंगवलेल्या असल्या तर टपरीवरचे दहा जण त्या एकदम वाचतात आणि मोठ्यानं हिशेब मांडतात. त्याच ओळी कोडात कोंबल्या की एकेकट्यानं मोबाईल काढायचा, नेट असलं तर वाचायचं आणि गप्प बसायचं. चव्हाट्यावरची भानगड परस्पर खिशात गेली. याला पारदर्शकता म्हणतात.

आमच्या राजूर कॉलरीला हा कोड शोभून दिसेल. इकडे वेकोलिचा कोळसा, तिकडे चुन्याच्या भट्ट्या. काळं आणि पांढरं इथं बारा महिने फुकटात उडतं. उद्या फाट्यावर असा फलक लागलाच, तर पाळी संपवून आलेला म्हातारा कामगार विचारेल, "हे काय होय जी?" त्याला सांगायचं काय? की काका, यात तुमच्या रस्त्याची सगळी माहिती आहे, फक्त तुम्हाला दिसत नाही.

कोडाचा स्वतःचा यात काही दोष नाही. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्हमधल्या मासाहिरो हारा यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला बनवला. छापताना तशी सोय ठेवली, तर सुमारे ३० टक्के भाग मळला-फाटला तरी तो वाचता येतो. म्हणजे राजूरची धूळ त्यानं आधीच गृहीत धरली आहे. आमच्या खात्यांनी अजून धरलेली नाही.

आणि नीट वापरला तर तो कामाचाही आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना कोड जोडले, पण म्हणून धडे पुसून टाकले नाहीत. महारेरानं १ ऑगस्ट २०२३ पासून बिल्डरांच्या जाहिरातीत कोड सक्तीचा केला, तोही नोंदणी क्रमांकाच्या जोडीला. शिवाय कोड टाळला तर ५० हजारांपर्यंत दंड. दंड म्हटला की बिल्डरालाही तंत्रज्ञान लगेच समजतं.

राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणानंही ऑक्टोबर २०२५ मध्ये कोडवाले फलक जाहीर केले: रस्त्याचा क्रमांक, देखभालीची मुदत, अभियंत्याचा संपर्क, जवळचं रुग्णालय, सगळं त्यात. आपल्या पांढरकवड्यावरून जाणाऱ्या ४४ नंबरच्या हायवेवरही ते दिसोत. पण फूटभर कोड वाचायला साधारण दहा फुटांवर उभं राहावं लागतं आणि ट्रक काही कुणासाठी थांबत नाही. तेव्हा टोलनाक्यावर, ट्रक थांबतात तिथं लावलेलेच उपयोगाचे. मदतीचा १०३३ तरी कोडाशेजारी हातभर मोठ्या आकड्यांत रंगवा. गाडी पलटी झालेला माणूस आधी स्कॅन करत बसत नाही.

राहता राहिली पलीकडच्या पानाची गोष्ट. फाटलेला कोड स्वतःला सावरून घेतो, पण ज्या पानावर तो नेतो तेच बंद पडलं तर हारा साहेबांचाही इलाज चालत नाही. कंत्राट संपतं, वेबसाइट बदलते, फलक मात्र तसाच उभा. मग स्कॅन केलं की स्क्रीनवर उमटतं ४०४. हा आकडा खात्यानं फलकावर आधीच रंगवून टाकावा; लोकांचा डेटा तरी वाचेल.