तीन सुपरवायझर, दोन कामगार

संत तुकाराम नगरात, वायसीएम हॉस्पिटलच्या परिसरातल्या एका फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या दिवाणाखाली तीन संगणक राहतात. कुठल्याशा कार्यालयाने मोडीत काढलेले, आठ-आठ जीबी मेमरीचे. चादर जरा खाली ओढली की पाहुण्यांना दिसत नाहीत. ऐकू मात्र येतात. भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपची डिलिव्हरी चलनं बनवणारं ॲप त्यांच्यावर चालतं. ॲपचे कंटेनर दोन. एक खुद्द ॲप, दुसरा त्याचा डेटाबेस. आणि या दोघांवर देखरेख करायला कुबरनेटीस.

कुबरनेटीस मूळचं गूगलचं. स्वतःच्या अवाढव्य यंत्रशाळांत कामं वाटून देणारी ‘बोर्ग’ नावाची यंत्रणा गूगल वापरत असे. त्या अनुभवावर बेतलेली ही नवी प्रणाली त्यांनी २०१४ मध्ये जगाला खुली केली आणि जुलै २०१५ मध्ये तिची १.० आवृत्ती आली. आज एका क्लस्टरमध्ये पाच हजार यंत्रं सांभाळायची तिची तयारी असते. दिवाणाखाली चौथं मावत नाही.

खरं तर हे सगळं भाड्याने मिळतं. ॲमेझॉनने २०१६ पासून मुंबईतच दुकान थाटलं आहे. पण दर महिन्याचं बिल पाहून घरच्या चिरंजीवांचा स्वाभिमान जागा झाला. ‘बेसकँप’वाल्या थर्टीसेव्हन सिग्नल्स या अमेरिकन कंपनीने २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले आणि मग स्वतःचे सर्व्हर घेऊन ती बाहेर पडली, हे त्यांनी घरात वाचून दाखवलं. बाहेर पडताना त्या कंपनीने कुबरनेटीसचाही नाद सोडला आणि स्वतःचं एक साधं साधन लिहून काम भागवलं, एवढा भाग तेवढा वगळला. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये पुष्कळ प्रोसेसर जोडून ‘परम ८०००’ उभा केल्याचा दाखलाही झाला. “तो पण दिवाणाखालीच होता का रे?” आईने विचारलं.

मांडामांड सुरू झाली. आधी तिन्ही यंत्रांवरचा स्वॅप, म्हणजे मेमरी अपुरी पडली की डिस्कवर भागवायची सोय, बंद करावा लागला, कारण तो चालू असेल तर कुबरनेटीसचा स्थानिक मुकादम, म्हणजे कुबलेट, जागचा हलत नाही. मग यंत्रं एकमेकांना दिसू लागली, पण तिघांच्याही नावापुढे ‘नॉट रेडी’. नेटवर्कचा प्लगइन वेगळा आणून बसवावा लागतो. तो मुळात सोबत येतच नाही. तो बसला, यंत्रं तयार झाली, आणि कंटेनर ‘पेंडिंग’मध्ये जाऊन बसले. कारण विचारल्यावर उत्तर आलं : तीनपैकी शून्य यंत्रं उपलब्ध.

वडील टेल्कोतून निवृत्त. सगळी हयात शॉपफ्लोअरवर गेलेली. पेपर बाजूला ठेवून त्यांनी चौकशी आरंभली.

“हे तिघं नक्की करतात काय?”

“कंट्रोल प्लेन आहेत, बाबा. कुठलं काम कुठे चालवायचं ते ठरवतात. एखादं बंद पडलं तर पुन्हा उभं करतात.”

“म्हणजे सुपरवायझर. आणि कामगार कोण?”

“तेही हेच.”

“अरे, सुपरवायझर कधी पाना हातात घेतो का?”

नेमकं तेच झालं होतं. कंट्रोल प्लेनवर सामान्य कामं येऊ नयेत म्हणून कुबरनेटीस तिथे आपणहून बंदी लावून ठेवतं. त्या बंदीच्या लांबलचक नावापुढे उणेचं चिन्ह जोडून आज्ञा दिली की ती उठते. दिली. कंटेनर हलले.

बाबांचा पुढचा प्रश्न : तीन कशाला, दोन का नाहीत? क्लस्टरची सगळी नोंदवही ईटीसीडी नावाच्या डेटाबेसमध्ये असते आणि तिच्यात काहीही लिहायचं तर बहुमत लागतं. तिघांत एक पडला तरी दोघांचं बहुमत उरतं. दोघंच असतील तर बहुमत म्हणजे दोघंही. एक आडवा झाला की कारभार ठप्प. बाबांनी युनियनच्या निवडणुका पाहिलेल्या. त्यांना एवढं पुरलं.

घराजवळचं मेट्रो स्थानक ६ मार्च २०२२ रोजी सुरू झालं. चिरंजीव त्याच मेट्रोने ऑफिसला जातात आणि दाराशी उभं राहून फोनवरून तिघांची ख्यालीखुशाली विचारतात. एका गुरुवारी उत्तरच आलं नाही. वीज देखभालीसाठी गेली होती. इन्व्हर्टरवर एक पंखा, राउटर आणि एकच संगणक तग धरून होता. तिघांत एक, बहुमत गेलं, नोंदवही मिटली, कुठलीच आज्ञा चालेना.

ॲप मात्र सुरू होतं. दोन्ही कंटेनर नेमके त्या जित्या संगणकावर होते, आणि वरून हुकूम येणं थांबलं म्हणून कुबलेट हातातलं काम टाकून देत नाही.

“तिसऱ्या पाळीत आमच्याकडेही असंच असायचं,” फोनवर बाबा म्हणाले. “सुपरवायझर पेंगायचा, लाइन चालू.”

चिरंजीवांना राहवेना. एवढ्या संकटातही सेवा अखंड राहिली हे गिऱ्हाइकाला कळायलाच हवं होतं. त्यांनी वर्कशॉपच्या मालकांना फोन लावला आणि इन्व्हर्टरपासून बहुमतापर्यंत सगळं सविस्तर सांगितलं. मालकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“साहेब,” ते म्हणाले, “गुरुवारी भोसरीत सुट्टी असते. आज कोण चलन काढतंय?”