एक राउंड, दोन मुलांसह: साहित्य आणि कृती

पसरणी घाट चढताना थोरला दोनदा आणि धाकटी एकदा ओकली, पाचगणीत स्ट्रॉबेरी-क्रीम खाऊन रिकामी झालेली जागा पुन्हा भरली, टेबललँडवर घोड्याची फेरीही झाली. आता उरलेल्या दुपारचं काय करायचं? उत्तर हल्ली रस्त्याच्या कडेलाच उभं असतं. लाल मातीने माखलेलं, चार फुगीर चाकांचं, पेट्रोलचा वास मारणारं. त्याला क्वाड बाइक म्हणतात. गाडीवाले एटीव्ही म्हणतात, म्हणजे कसल्याही जमिनीवर चालणारी गाडी. ती कसल्याही जमिनीवर उलटते, हे नावात मावलं नसावं.

पुढची कृती खास नवशिक्यांसाठी आहे. नवशिका म्हणजे ज्याने आयुष्यभर स्कूटर चालवली आणि त्यामुळे ‘यात काय शिकायचंय?’ असं ज्याला वाटतं तो.

साहित्य

क्वाड बाइक: १ नग, मोठ्या माणसांची. वजन २०० ते ३०० किलो. अंदाज हवा असेल तर तांदळाची पन्नास किलोंची पाच पोती एकावर एक रचलेली डोळ्यांपुढे आणा. आता त्यांच्याखाली आपण आहोत असं समजा. ही गाडी मोटरसायकलसारखी बाजूला पडत नाही, चालवणाऱ्याच्या अंगावर येते.

मुलं: २. एक सात वर्षांचा, नुकतंच वाचायला येऊ लागल्यामुळे दिसेल ते मोठ्याने वाचणारा. दुसरी तीन वर्षांची, दिसेल ते दाबून पाहणारी.

हेल्मेट: मिळेल तेवढी. बहुधा एकच मिळतं, आणि त्यात सकाळपासूनच्या सगळ्या डोक्यांचा घाम मुरलेला असतो. ते मुलाला घातलं की मूल डावीकडे बघतं आणि हेल्मेट समोर बघत राहतं. मापाचं हेल्मेट ओळखायची रीत सोपी आहे. कडा भुवयांच्या दोन बोटं वर यावी, हनुवटीखालच्या पट्ट्यात जेमतेम एखाद-दुसरं बोट जावं आणि मुलाने मान जोरात हलवली तर हेल्मेटने डोक्याबरोबरच हलावं. असं हेल्मेट तिथे मिळेल या भरवशावर राहू नका. आयएसआय खुणेचं, मुलाच्या मापाचं घरूनच न्या.

पायात: घोटे झाकणारे बूट आणि वर फुल पँट. सायलेन्सर तापलेला असतो आणि लहान मुलाची उघडी पोटरी नेमकी त्याच उंचीला येते. सहलीला आलेलं प्रत्येक कुटुंब चपलांत असतं, हे आम्ही गृहीत धरलं आहे.

ओढणी: १, लांब, वाऱ्यावर उडणारी. फोटोत फार छान येते. गाडीच्या मागच्या आसाला तर ती त्याहूनही आवडते आणि एकदा धरली की तो सोडत नाही. म्हणून काढून पिशवीत ठेवा. पुढे लागणार आहे.

‘काही होत नाही’: चवीनुसार. गाडीवाला हवं तेवढं देतो. कमी पडलं तर मेहुण्यांकडे असतंच.

कृती

*पायरी १: चौकशी करा.* साहसी पर्यटनाचे उपक्रम चालवणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, असं राज्य सरकारचं २०२१ चं धोरण सांगतं. तेव्हा पैसे देण्याआधी नोंदणीचा कागद मागा. ‘शेठ गावाला गेलेत’ असं उत्तर आलं तर शेठ परत येईपर्यंत स्ट्रॉबेरी खा. मग ब्रेक दाबून बघा, गाडी बंद करायचं लाल बटण कुठे आहे ते विचारा आणि ते चालतं का तेही बघा. शेवटी एक कागद पुढे येईल. त्यावर बारीक इंग्रजीत तुमच्या हातापायांची जबाबदारी तुमचीच असल्याचं लिहिलेलं असतं. ‘नुसती सही करा सर, फॉर्म्यालिटी आहे’ असं सांगितलं जातं. संपूर्ण व्यवहारातली एवढी एकच गोष्ट फॉर्म्यालिटी नसते.

*पायरी २: बसू नका, आधी बैठकीकडे बघा.* क्वाड बाइकची सीट चांगली लांब असते. ती बघून प्रत्येक मराठी माणसाच्या मनात एसटीतल्या बाकाची आठवण जागी होते आणि ‘थोडं सरका, चौघं बसतील’ हे वाक्य आपोआप तोंडात येतं. प्रत्यक्षात ती लांबी पाहुण्यांसाठी ठेवलेली नाही, चालवणाऱ्याला हलता यावं म्हणून आहे. बहुतेक क्वाड बाइकची मागची दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बांधलेली असतात. मोटारीत वळताना बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी. इथे दोन्ही सारखीच फिरतात, त्यामुळे गाडी वळायला तयार नसते आणि तिला आपल्या अंगाच्या वजनाने मनवावं लागतं. वळणावर आतल्या बाजूला झुकायचं, चढावर पुढे सरकायचं, उतारावर मागे. आता पुढे धाकटी, मागे थोरला आणि त्याच्या मागे ‘आमचा पोरगा उभा राहतो सर, कंट्रोल त्याच्याकडे असतो’ म्हणून दिलेला पोरगा, एवढी मंडळी बसल्यावर सरकणार कुठे?

आमचा थोरला खालीच उभा होता. पुढच्या मडगार्डवर अर्धवट खरवडलेला एक स्टिकर होता, तो त्याने नेहमीप्रमाणे वाचायला घेतला. अक्षरं गेली होती, चित्र राहिलं होतं.

“बाबा, या दोन माणसांवर फुली का मारलीय?”

मी बघितलं. गाडीवर एकामागे एक बसलेल्या दोन आकृत्या आणि त्यांच्यावर लाल रेघ.

“जुना स्टिकर आहे रे बाळा,” गाडीवाला म्हणाला. “काही होत नाही.”

सात वर्षांच्या मुलाला चित्र कळलं होतं. आम्ही तिघे पदवीधर धाकटीला उचलून पुढे बसवत होतो.

*पायरी ३: अंगठा ओळखा.* क्वाड बाइकचा ॲक्सिलरेटर स्कूटरसारखा पिळायचा नसतो. उजव्या मुठीजवळ एक छोटी दांडी असते, ती अंगठ्याने दाबायची. दाबायला हलकी, दिसायला खेळण्यासारखी आणि पुढे बसलेल्या तीन वर्षांच्या मुलीच्या हाताला अगदी सहज लागणारी. पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. माझा उजवा हात मोबाइल मेहुण्यांकडे देण्यात गुंतला होता. तिने दाबून पाहिलं. गाडीने चारेक फूट उडी घेतली आणि कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या ढिगात नाक खुपसून थांबली. धाकटीची हनुवटी हँडलवर आपटली आणि खालचा ओठ फुटला.

“बघा, काही झालं नाही,” गाडीवाला रुमाल पुढे करत म्हणाला.

होण्याआधी ‘काही होत नाही’, झाल्यावर ‘काही झालं नाही’. मधल्या अर्ध्या सेकंदासाठी त्याच्याकडे वाक्य नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. रक्त थांबेपर्यंत मी ‘मोबाइल कुठंय’ असंच काहीतरी म्हणत होतो, असं बायको सांगते.

म्हणून ही पायरी नीट पाठ करा: पुढे बसवलेलं मूल पट्ट्याने बांधलेलं नसतं, ब्रेक लागला की त्याचं तोंड आणि हँडल यांच्यात काही नसतं. मागे बसवलेल्या मुलाचे हात तुमच्या पोटाला पुरत नाहीत, आणि आपली पोटं बघता पुरण्याची शक्यताही नाही. आपटल्यानंतर मूल ओकू लागलं, पेंगुळलं किंवा विचित्र बोलू लागलं तर हळद-साखर शोधू नका, थेट इस्पितळ गाठा. घाटात ओकणं वेगळं आणि डोकं आपटल्यावर ओकणं वेगळं.

*पायरी ४: चढ, उतार आणि डांबर.* नवशिक्याने तिन्ही टाळावेत. उतारावर आडवं जाणं सगळ्यात वाईट, कारण गाडी रुंदीला कमी आणि उंचीला जास्त असते. आणि ‘जरा रस्त्यावर पळवून बघू’ हा मोह तर नकोच. मोटारीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय हवा असते, क्वाडच्या फुगीर टायरमध्ये बहुधा दहाच्याही खाली. ते टायर मऊ मातीसाठी केलेले असतात. डांबरावर ते भलतीच पकड घेतात आणि वळताना गाडीलाच उचलतात. शिवाय सार्वजनिक रस्त्यावर आलात की कायदाही येतो. मोटरसायकलवर चार वर्षांखालचं मूल न्यायचं तर त्याला हेल्मेट, चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हा नियम २०२३ पासून लागू आहे. लाल मातीच्या ट्रॅकवर यातलं काही विचारायला कोणी येत नाही. तिथे फक्त तीनशे रुपये विचारतात.

*पायरी ५: ज्यांनी आधी आपटून घेतलं त्यांचं ऐका.* या गाड्यांची आधीची पिढी तीनचाकी होती. तीन चाकांवर वळताना काय होतं हे आपल्याकडे रिक्षात कोपऱ्याला बसलेला कुणीही सांगेल, पण अमेरिकेत ते कळेपर्यंत १९८८ उजाडलं. त्या वर्षी सरकारशी झालेल्या समझोत्यात कंपन्यांनी तीनचाकी विकणं बंद केलं आणि मोठ्या चारचाकी १६ वर्षांखालच्या मुलांसाठी विकणार नाही असंही कबूल केलं. तिथल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स, तर सरळ सांगते की १६ वर्षांखालच्या कुणीही एटीव्ही चालवू नये आणि तिच्यावर बसूही नये. ऑस्ट्रेलियात शेतावर क्वाडखाली चिरडून माणसं मरत राहिली, तेव्हा २०२१ पासून शेतकामाच्या नव्या क्वाडला चालवणाऱ्याला वाचवणारी मजबूत कमान बसवणं सक्तीचं झालं. तिकडची माणसं आपल्याहून भित्री आहेत असं नाही. त्यांच्याकडे ‘काही होत नाही’ याचा साठा आपल्याआधी संपला, इतकंच.

*पायरी ६: तरीही मुलगा ऐकत नसेल तर.* डॉक्टरांचं मानायचं असेल तर पायरी ५ ला थांबा. आम्ही थांबलो नाही. थोरला रडून रडून लाल मातीत बसला होता आणि ट्रॅकच्या टोकाला मुलांच्या मापाची एक छोटी क्वाड उभी होती. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने मात्र न विचारता दोन गोष्टी केल्या. अंगठ्याच्या दांडीजवळचा एक स्क्रू पिळून आत घातला, त्यामुळे मुलाने कितीही दाबलं तरी गाडी पळत्या माणसाच्या पुढे जाणार नव्हती. मग गाडीच्या मागे एक दोरी अडकवली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. ओढली की इंजिन बंद.

“मोठ्या गाड्या आत असतील तोवर याला सोडू नका,” तो म्हणाला. “आणि तुम्ही मागनं पळा.”

मग सपाट, मोकळ्या गोलावर थोरल्याचा राउंड झाला. धाकटी सुजलेल्या ओठाने आजीच्या मांडीवर बसली होती. पिशवीतली ओढणी तिच्या हातात दिली होती आणि गाडी समोरून गेली की ती निशाणासारखी हलवायची, असं काम तिला लावलं होतं. थोरला ताठ मानेने ताशी सहा-सात किलोमीटरने निघाला. मी दोरी धरून मागून पळत होतो. पहिल्या वळणाला धाप लागली, दुसऱ्याला पोटात कळ आली, तिसऱ्याला मुलाने मागे वळून “बाबा, पट्कन या ना” असं म्हटलं. म्हणून दोरी ओढली आणि त्याला सांगितलं की पुढे बघून चालवायचं असतं.

ऊन कलायला लागलं होतं. टेबललँडवरून सुटलेला एक घोडेवाला कुंपणापलीकडच्या पायवाटेने घरी चालला होता, लगाम हातात, घोडा मागे. तो थांबला. मुलाकडे बघितलं, मग दोरीकडे, मग माझ्याकडे.

“दोरी आखूड धरा,” तो म्हणाला, “लांब धरली की दमता.”